पेन्यांच्या तीन बरण्या आणि आईचा एकच प्रश्न : शेवटची तारीख काय?

बरणीवाली | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१०

प्रश्न छोटा आहे, पाल्हाळ मोठं आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही २००६ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी होती, तिच्यात नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात खिशातली चिल्लर ओतली. क्वार्टर (२५ सेंट) लाँड्रीला जायचे, डाइम (१० सेंट) आणि निकेल (५ सेंट) पार्किंगला. मागे उरायच्या त्या एक-एक सेंटच्या पेन्या. (अनेकवचन पेनी की पेन्या यावर आमच्या घरात दोन तट आहेत. इथे नकोत.) एका बरणीच्या तीन झाल्या. घर बदललं तेव्हा त्या उचलताना नवऱ्याच्या कमरेत उसण भरली, तरी टाकवल्या नाहीत.

या १२ तारखेला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वापरातली शेवटची पेनी पाडली. १७९३ पासूनचा कारभार आटोपला. ही बातमी लागली तेव्हा आई मेथी निवडत होती. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आहे. हातातली जुडी खाली ठेवून तिने विचारलं, "शेवटची तारीख काय?"

मी म्हटलं, तारीखबिरीख नाही, पेनी चालूच राहणार आहे, फक्त नवी पाडणार नाहीत. "असं कसं? सरकार आहे ना? तारीख असणारच. नीट वाच."

आता हे का, तर बाबांचं मिरजेत किराणा दुकान होतं. गल्ल्यात आलेले चार आणे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वेगळे टाकायचे. पुढे कोणी घेईना, तरी टाकत राहिले. २०११ च्या जूनमध्ये बाबा दवाखान्यात होते, आम्ही सगळे धावपळीत. जुलैत घरी आले, जरा बरं वाटल्यावर डबा घेऊन बँकेत गेले आणि तसाच परत घेऊन आले. ११४० नाणी. म्हणजे २८५ रुपये. रक्कम काहीच नाही, पण बाबा दोन दिवस गप्प होते. डबा अजून कपाटावर आहे.

तर आता मला आईसमोर छातीठोकपणे सांगता येईल असं उत्तर हवंय. इथली बँक या पेन्या घेते का? सुपरमार्केटमधल्या नाणी मोजायच्या मशीनमध्ये टाकाव्यात का? जुन्या तांब्याच्या वेगळ्या काढायच्या का? आणि थोड्या भाच्यांसाठी भारतात नेल्या तर चालतं का?

टोरांटोकर | २२ नोव्हेंबर, ९:४८

ताई, आम्ही या मार्गाने आधीच गेलोय, तेव्हा घाबरू नका. कॅनडात शेवटची पेनी ४ मे २०१२ ला विनिपेगच्या टांकसाळीत पडली आणि ४ फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना नवा पुरवठा बंद झाला. एक सेंटचं नाणं पाडायला १.६ सेंट खर्च यायचा, हे कारण. पण पेनी आजही बाद नाही. पन्नास-पन्नासच्या गुंडाळ्या करून माझ्या बँकेत मी अगदी गेल्या वर्षीपर्यंत दिल्यात. शेवटची तारीख ठेवलेलीच नाही.

फक्त एक गंमत. आमच्या चलन कायद्याप्रमाणे एका व्यवहारात पंचवीसपेक्षा जास्त पेन्या घ्यायला दुकानदार बांधील नाही. मुलीच्या शाळेने पेन्या गोळा केल्या होत्या, तेव्हा वर्गात बादल्या ठेवल्या होत्या. दुसरीतल्या पोरांना बादली हलेना.

बिलाचं म्हणाल तर रोखीने दिलं तरच जवळच्या पाच सेंटांच्या पटीत कमी-जास्त होतं. कार्डाला सेंट न् सेंट कापतात. पहिले पंधरा दिवस लोक कुरकुरले. नंतर कोणाच्या लक्षातही नाही.

निवृत्त_रोखपाल | २२ नोव्हेंबर, ११:३०

बरणीवाली ताई, तुमच्या वडिलांचं वाचून मला आमचं काउंटर आठवलं. मी तेव्हा सोलापूर भागात एका सरकारी बँकेत रोखपाल होतो. आईंना सांगा, त्यांची भीती अगदी रास्त आहे, फक्त देश चुकला.

केंद्र सरकारची अधिसूचना २० डिसेंबर २०१० ची. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद. बदलून घ्यायची मुदत २९ जूनला कामकाज संपेपर्यंत, तीही सगळ्या शाखांत नाही. ज्या शाखेत छोट्या नाण्यांचा डेपो होता तिथे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत. आमच्याकडे डेपो होता, त्यामुळे आजूबाजूच्या शाखांतून लोक "तिकडे जा" ऐकून आमच्याकडे यायचे.

सहा महिने कोणी फिरकलं नाही. खरी गर्दी शेवटच्या आठवड्यात. एक फुलवाल्या आजी रुमालात गाठ मारून आल्या होत्या. एका देवस्थानची तर पोतीच आली. त्यात चार आणे होतेच, पण दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, नक्षीदार कडेचे दोन पैसे, षट्कोनी तीन पैसे, काय वाट्टेल ते. ॲल्युमिनियमची ती नाणी हातात घेतली की काही घेतलंय असं वाटायचंच नाही. चार आण्यांच्या चार-चारच्या चवडी लावायच्या, वीस चवडी झाल्या की पट्टीने सरकवायच्या. बुधवारी, २९ तारखेला, बोटं काळी झालेली. ३० जूनला सकाळी दोघं-तिघं आले, त्यांना परत पाठवणं फार वाईट वाटलं. नियम होता, इलाज नव्हता.

आणि आता माझी फजिती. पुढच्या वर्षी आमच्या हिच्या शिवणयंत्राच्या खणात सव्वीस चार आणे सापडले. साडेसहा रुपये! रोखपालाच्या घरात! त्यामुळे वडिलांचं वाईट वाटून घेऊ नका.

खडूस_काका | २२ नोव्हेंबर, १२:०२

तीन बरण्यांची किंमत किती होणार, पन्नास-साठ डॉलर? त्यासाठी अधिसूचना न् चलन कायदे? एवढ्या वेळात ताईंनी ओव्हरटाइम केला असता तर बरण्यांसकट दुकान विकत घेतलं असतं. (हलकेच घ्या.)

गणिती_गोटू | २२ नोव्हेंबर, १२:४०

काका, तुम्ही स्वतः चार आणे पडले तर वाकून उचलणाऱ्यातले आहात, हे पुण्याच्या कट्ट्याला पाहिलंय.

ताई, मोजत बसू नका. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. १९८२ च्या मध्यावर पेनीची धातू बदलली. त्याआधीची ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. नंतरची आत जस्त, वर तांब्याचा पातळ थर, वजन २.५ ग्रॅम. नव्या पेन्यांचे शंभर डॉलर म्हणजे बरोबर २५ किलो. मला निव्वळ वजन कळवा, आकडा सांगतो.

बरणीवाली | २२ नोव्हेंबर, १:१५

रोखपाल काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. सव्वीस चार आण्यांवर ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "त्यांना विचार, एक जुलैला कोणी ओळखीचं असतं तर घेतले असते का?"

गोटू, बरण्यांचं वजन वजा जाता २०.४ किलो. नवऱ्याची कमर आठवून मी टोपल्यात काढून तीन खेपांत मोजलं.

निवृत्त_रोखपाल | २२ नोव्हेंबर, १:३२

नसते घेतले. आईंना नमस्कार सांगा.

गणिती_गोटू | २२ नोव्हेंबर, १:४०

सगळ्या नव्या धरल्या तर ८१६०. पण त्यात जुन्या असणारच. शेकडा पंधरा जुन्या धरून ७८७० च्या आसपास. म्हणजे पावणेएकोणऐंशी डॉलर. मशीनमध्ये टाकाल तर शंभरामागे बारा-तेरा डॉलर कापतात, म्हणजे साधारण दहा डॉलर गेले. रोख न घेता एखाद्या दुकानाचं गिफ्ट कार्ड घेतलं तर बहुतेक ठिकाणी कापत नाहीत. बँकेत खातं असेल तर कागद आणा आणि गुंडाळ्या करा. आईंना उद्योग मिळेल.

अधेली | २२ नोव्हेंबर, ३:०५

थांबा थांबा थांबा. बँकेत द्यायच्या आधी नीट बघा. मी गेली वीस वर्षं नाणी गोळा करतो.

पहिलं काम, फ्रिजवरचं चुंबक काढा आणि पेन्या ताटात पसरून त्यावरून फिरवा. अमेरिकन पेनी चिकटत नाही. चिकटली तर ती बहुतेक कॅनडाची, २००० नंतरची, पोलादाची, तांब्याचा मुलामा दिलेली. त्या बँक परत करेल, टोरांटोकरांना पाठवा. कॅनडाची नसताना चिकटली तर साल बघा. १९४३ असेल. युद्धात तांबं काडतुसांना लागायचं, म्हणून त्या वर्षी पेन्या जस्त चढवलेल्या पोलादाच्या पाडल्या. पांढरट दिसतात. फार मोल नाही, डॉलर-दोन डॉलर, पण गोष्ट आहे. उलट १९४३ ची तांब्याची, म्हणजे चुकून पाडली गेलेली, मिळाली तर नोकरी सोडा. ती लाखो डॉलरना जाते. मिळणार नाही.

दुसरं, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असतील त्या वेगळ्या काढा. १९०९ ते १९५८ पर्यंतच्या. १९०९ मध्येच लिंकनची शंभरावी जयंती म्हणून त्याचं तोंड पेनीवर आलं.

तिसरं, तांब्याच्या जुन्या पेन्यांमध्ये २०२५ च्या भावाने तीन सेंटांच्या आसपास तांबं आहे, हे खरं. पण वितळवायला २००६ पासून बंदी आहे. आणि देशाबाहेर नेताना एका प्रवाशाला पेन्या-निकेल मिळून पाच डॉलरपर्यंतची मुभा आहे. म्हणजे पाचशे पेन्या. भाच्यांना पुरतील.

चौथं, शेवटच्या पेन्यांवर ओमेगाचं (ग्रीक वर्णमालेतलं शेवटचं अक्षर) चिन्ह टाकून त्यांचे २३२ संच केलेत, वर्षाला एक या हिशोबाने, लिलावासाठी. तुमच्या बरणीत ते नाही, शोधत बसू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात जोडून : काहीही झालं तरी नाणी धुवू नका. चिंच नको, लिंबू-मीठ नको, पितांबरी नको. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही.

मैना_मेलबर्न | २२ नोव्हेंबर, ४:२० (तुमची वेळ)

आमच्याकडे एक आणि दोन सेंट १९९२ पासून मागे घेतले. ती वितळवलेली नाणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या कांस्यपदकांत गेली! कुणाच्या तरी फ्रिजमागे पडलेला सेंट कुणाच्या तरी गळ्यात. मला हे इतकं आवडलं होतं की मी ते आमच्या मंडळाच्या अंकात लिहिलं होतं, संपादकांनी कापलं.

जर्सीचा_दुकानदार | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दिवसभर गल्ल्यावर होतो, आत्ता वाचलं. ताई, बँकेत कशाला जाता, मला द्या. खरंच. आमच्या बँकेतून पेनीच्या गुंडाळ्या मिळणं बंद झालंय. मी डॉलरला डॉलर देईन, वर समोसे.

इथे लोकांना वाटतंय पेनी गेली, प्रश्न संपला. रोखीचं बिल पाच सेंटांच्या पटीत कसं आणायचं याचा देशभराचा एक नियमच नाही अजून, आपलं आपण बघा. मी ठरवलंय की गिऱ्हाईकाच्या बाजूनेच खाली आणायचं. ४.९९ ची वस्तू, आपला न्यू जर्सीचा कर ६.६२५ टक्के, झाले ५.३२. मी ५.३० घेतो. बिलामागे फार तर चार सेंट जातात, पण भांडण होत नाही. पण मग कार्डवाला म्हणतो मी का ३२ देऊ? आणि सरकारी अन्नमदतीच्या कार्डाने घेणाऱ्याला इतर गिऱ्हाइकांपेक्षा वेगळी वागणूक द्यायची नाही असा नियम आहे, त्यामुळे मोठ्या दुकानांचे वकील डोकं खाजवतायत. आमच्यासारख्याला वकील कुठला.

गणिती_गोटू | २२ नोव्हेंबर, १०:३०

वर-खाली केल्याने दुकानदार लुटतो, ही ओरड गणितात फारशी टिकत नाही. एकच वस्तू घेतली आणि किंमत ९९ ने संपत असेल तर वर जाते, खरं. पण चार वस्तू आणि त्यावर कर लागला की शेवटचा आकडा कुठलाही येतो. १, २, ६, ७ खाली. ३, ४, ८, ९ वर. बरोबरी.

मला वेगळाच प्रश्न पडतो. २०२४ च्या हिशोबात पेनीला ३.६९ सेंट खर्च आला, वर्षाला ८.५ कोटी डॉलरचा तोटा, म्हणून बंद. ठीक. पण त्याच हिशोबात पाच सेंटच्या निकेलला १३.७८ सेंट लागले! पेनी गेली की निकेल जास्त लागणार. म्हणजे एका नाण्यावर २.६९ चा तोटा वाचवून पावणेनऊचा ओढवून घ्यायचा?

खडूस_काका | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरं काय. हे मात्र मान्य.

माझ्या आजोबांच्या काळातलं सांगतो, म्हणजे वर-खाली करणं हे अमेरिकन खूळ नाही हे कळेल. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर नये पैसे. एका आण्याचे खरे होतात सव्वासहा. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्त्यात एक आणा = ६, दोन आणे = १२, तीन आणे = १९, चार आणे = २५. आजोबा सांगलीत पोस्टाजवळ राहायचे. त्यांचं म्हणणं, आणा एक-एक करून मोडलात तर सोळा आण्यांचे ९६ च पैसे हातात येतात, चार पैसे गडप. तीन आणे एकदम दिले तर १९, एकेक दिले तर १८. म्हणून ते सुटा आणा कधी मोडायचेच नाहीत, तिघांचे मिळून न्यायचे. "सोळा आणे खरं" म्हणण्यात तेव्हापासून चार पैसे खोटं आहे, असं म्हणायचे.

गणिती_गोटू | २३ नोव्हेंबर, ७:४०

काका, टोपी काढली. इतके दिवस हे लपवून नुसते तिरके प्रतिसाद का देत होता?

दुर्वा | २३ नोव्हेंबर, ८:३०

जाता जाता, मला २०११ पासून छळणारा प्रश्न इथे विचारते. सव्वा रुपयाचं काय झालं? आमच्याकडे नवस सव्वा रुपयाचा, दक्षिणा सव्वा रुपया, गुरुजी "सव्वा रुपया ठेवा" म्हणायचे. चार आणे बाद झाले आणि सव्वा रुपया द्यायची सोयच संपली. सासूबाई मग दीड ठेवायला लागल्या. पन्नास पैसे कायद्याने आजही चालतात (दहा रुपयांपर्यंतच्या देण्याला), पण कोणी घेत नाही, म्हणून मग अकरा. आता गुरुजी एकशे एक म्हणतात, क्यूआर कोड घेऊन येतात. देवघरातला जुना सव्वा रुपया मी तसाच पुडीत ठेवलाय, तोच दरवर्षी कलशाखाली.

जर्सीचा_दुकानदार | २३ नोव्हेंबर, ८:५५

आमच्याकडे सव्वा डॉलर अजून देता येतो. एक नोट, एक क्वार्टर. सत्यनारायणाला आम्ही तेच ठेवतो. या बाबतीत अमेरिका जास्त सनातनी निघाली. हलकेच घ्या.

टोरांटोकर | २३ नोव्हेंबर, ९:२०

अवांतर : एसटीचे कंडक्टर तिकिटामागे "बाकी ५० पैसे" लिहून द्यायचे ते आठवतं का? उतरताना मागायचं धैर्य झालं नाही म्हणून बुडालेले माझे आठ आणे जोडले तर एक बरणी माझीही भरेल. आणि सुट्ट्यांऐवजी गोळ्या देणारे वाणी! आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी एकदा साठवलेल्या गोळ्याच परत दिल्या होत्या, साबणाच्या वडीचे पैसे म्हणून. त्याने घेतल्या नाहीत.

बरणीवाली | २३ नोव्हेंबर, ९:३५

टोरांटोकर, माझे बाबा गोळ्या देणाऱ्यातले नव्हते. ते वहीत लिहायचे, "कुलकर्णी वहिनी, २५ पैसे देणे". म्हणून तर चार आणे साठवायचे, सुट्ट्यांना कमी पडू नयेत. मग लोक म्हणायला लागले, चार आणे नको, राहू द्या. डबा भरायला लागला तो तिथून.

हे मला आज आईने सांगितलं. मला वाटत होतं नाद म्हणून जमवत होते.

निवृत्त_रोखपाल | २३ नोव्हेंबर, १०:१०

म्हणजे त्या डब्यात इतरांचं देणं होतं.

तसं असेल तर त्यांचं गप्प बसणं मला समजतं. काउंटरवर असे दुकानदार बरेच आले होते. पैसे मिळाले नाहीत याचं दुःख कमी. हिशोब मिटला नाही, ते लागायचं.

अजून एक सांगतो, मग थांबतो. लोक विचारतात एक-दोन-तीन पैसे कधी बंद झाले. ते सत्तरीच्या दशकातच हळूहळू पाडायचे थांबले, पण कागदोपत्री २०११ पर्यंत जिवंत होते. पाडणं थांबवणं वेगळं आणि बाद करणं वेगळं. अमेरिकेने पहिलं केलंय, आपण दोन्ही केलं. आईंना एवढं एक वाक्य समजावलंत की झालं. आणि पैसा हिशोबातून तरी कुठे गेला? मुंबईत पेट्रोलच्या भावात आजही रुपयांवर काही पैसे असतातच. वीज बिलात पैसे मोजतात आणि शेवटी दहाच्या पटीत आणतात.

बरणीवाली | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

थँक्सगिव्हिंगची सुट्टी सत्कारणी लागली. हा घ्या अहवाल.

बँकेने कागद फुकट दिले. आम्ही चौघांनी जेवणाच्या टेबलावर बसून गुंडाळ्या केल्या. आईने रोखपाल काकांसारख्या चवडी लावायला सुरुवात केली, दहा-दहाच्या पाच, आणि तिचा वेग बघून मुलगा फोन बाजूला ठेवून बसला. लेक तीन वेळा मोजायची आणि तीन वेळा वेगळा आकडा यायचा.

एकूण ७८५३. गोटू, सतराने चुकलास! १५७ गुंडाळ्या, ७८ डॉलर ५० सेंट, आणि तीन पेन्या सुट्या.

चुंबकाला दहा चिकटल्या. नऊ कॅनडाच्या (टोरांटोकर, पत्ता खाजगी निरोपात पाठवा, हसू नका) आणि एक अमेरिकन, राखाडी. १९४३! आम्ही सगळे ओरडलो. ओंब्यांच्या एकवीस निघाल्या. एवढ्या मी काढून ठेवल्या आणि भाच्यांसाठी दोन गुंडाळ्या.

अर्ध्या दुकानदार भाऊंना दिल्या. ते स्वतः घेऊन गेले, समोसे खरंच आणले. बाकीच्या बँकेत. बासमतीच्या चेनवाल्या दोन रिकाम्या पिशव्या भरल्या. काउंटरवरची मुलगी हसली आणि म्हणाली, आजच्या तुम्ही तिसऱ्या. आई सोबत होती. तिने मला मराठीत सांगितलं, "विचार हिला, तारीख काय आहे." मी विचारलं. ती म्हणाली तारीख नाही, केव्हाही आणा. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ही नवीन दिसतेय. कुणा वयस्काला विचार."

खडूस_काका | २९ नोव्हेंबर, ६:५५

आई एक नंबर. त्यांचा आयडी काढून द्या.

जर्सीचा_दुकानदार | २९ नोव्हेंबर, ७:३०

चाळीस डॉलरच्या पेन्या, दोन आठवडे तरी निवांत. धन्यवाद ताई. आईंनी जाताना मला विचारलं, उधारीची वही ठेवता का. मी म्हटलं नाही. नाराज झाल्या.

अधेली | २९ नोव्हेंबर, ८:०५

वा! १९४३ चा फोटो टाका ना, दोन्ही बाजूंचा. सालाखाली 'डी' किंवा 'एस' असं बारीक अक्षर आहे का तेही बघा, म्हणजे डेन्व्हर की सॅन फ्रान्सिस्को ते कळेल. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. ओंब्यांची सालंही लिहा.

बरणीवाली | २९ नोव्हेंबर, ८:५०

फोटोचं जरा अवघड झालंय. मी बँकेतून आल्यावर आंघोळीला गेले, तेवढ्यात आईने तांब्याचे तांब्या-पळी घासायला काढले होते. शेजारी वाटीत काळपट नाणी दिसली. ती म्हणते, "एवढी कळकट तशीच ठेवायची का पोरांना द्यायला?" चिंच आणि मीठ. ओंब्यांच्या एकवीसच्या एकवीस नव्या नवरीसारख्या चमकतायत. १९४३ ची चमकेना, म्हणून तिच्यावर काथ्याने जास्त मेहनत घेतली.

अक्षर 'डी' आहे. बहुतेक.

अधेली | २९ नोव्हेंबर, ८:५२

अरेरेरे.

अधेली | २९ नोव्हेंबर, ९:१०

बरं. झालं ते झालं. मिरजेच्या देवघरात जुनी नाणी असतील ना? पितळी दिसणारे, कमळाचे वीस पैसे, १९६८ ते ७१ चे? लोक त्यात सोनं आहे म्हणतात, ते नाहीये, पण न घासलेलं असेल तर मला बघायला आवडेल.

बरणीवाली | २९ नोव्हेंबर, ९:२५

आहेत दोन. आईला विचारलं. दर दिवाळीला घासते म्हणाली.